सँ दनी ते कोलोन : गॉथिक वारसा आणि आधुनिक कलावंत

पॅरिस मेट्रोची १३ क्रमांकाची गाडी उत्तरेकडे सँ दनी या उपनगरात जाते. 'बाझिलिक द सँ दनी' या स्थानकातून वर आले की थोड्याच अंतरावर एक जुने चर्च दिसते. फ्रान्सचे बहुतेक राजे आणि राण्या येथे चिरविश्रांती घेत आहेत, त्यामुळे पर्यटक येतात ते मुख्यतः समाध्या पाहायला. कलेच्या इतिहासात मात्र या वास्तूचे स्थान निराळे आहे. स्यूजे नावाच्या मठाधिपतीने ११४० ते ११४४ या चार वर्षांत वेदीमागचा भाग नव्याने बांधून घेतला आणि ११ जून ११४४ रोजी त्याचा अभिषेक झाला. गॉथिक शैलीचा जन्म याच भागात झाला असे मानतात.

स्यूजेच्या कारागिरांनी टोकदार कमान आणि दगडी बरगड्यांवर तोललेले छत या दोन गोष्टी एकत्र आणल्या. अर्धगोल कमान वरचा भार दोन्ही बाजूंना ढकलते, म्हणून तिला जाड भिंत लागते. टोकदार कमान तोच भार बराचसा सरळ खाली खांबांवर उतरवते. पुढच्या पिढ्यांनी बाहेरून कमानदार दगडी टेकू दिले आणि भिंतीचे ओझे जवळजवळ संपले. भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागी रंगीत काच आली. प्रकाश माणसाच्या मनाला परमेश्वराकडे नेतो, अशी स्यूजेची श्रद्धा होती. त्या श्रद्धेला दगडाने आणि काचेने दिलेले रूप म्हणजे गॉथिक कला.

'गॉथिक' हे नाव मात्र तिरस्कारातून आले. सोळाव्या शतकात इटालियन लेखक वासारी याने ही शैली रोमचा विध्वंस करणाऱ्या गॉथ टोळ्यांच्या माथी मारली आणि तिला रानटी ठरवले. पुढची दोन-अडीचशे वर्षे सुशिक्षित युरोपने तेच मत उगाळले. एकोणिसाव्या शतकात वारे फिरले आणि विसाव्या शतकात तर स्वतःला सर्वांत नवे समजणारे चित्रकार या जुन्या चर्चच्या दारात येऊन उभे राहिले. टोकदार कमान त्यांच्यापैकी फार थोड्यांनी उचलली. त्यांनी तीन गोष्टी घेतल्या. प्रकाशालाच रंग समजून वापरणे ही पहिली. दुःख दाखवण्यासाठी शरीराचा आणि वस्तूचा आकार मोडण्याची मुभा ही दुसरी. अनेक हातांनी मिळून काम उभे करण्याची कार्यशाळेची रीत ही तिसरी. पॅरिस, रुआँ, रँस, मेस, कोलमार आणि कोलोन ही आगगाडीने जोडलेली सहा गावे क्रमाने पाहिली की हे देणेघेणे प्रत्यक्ष दिसते.

पॅरिस

पॅरिसमध्ये आरंभ नोत्र दामपासून करणे सोयीचे. व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१च्या कादंबरीने या मोडकळीला आलेल्या कॅथीड्रलकडे साऱ्या देशाचे लक्ष वळवले. त्यानंतर १८४४मध्ये लास्यू आणि व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदांकडे जीर्णोद्धाराचे काम आले. बुरुजांच्या सज्जावर हनुवटी हातांत धरून शहराकडे पाहणारी शिंगवाली आकृती बहुतेकांना मध्ययुगीन वाटते. ती व्हियोले-ल-द्यूकच्या काळातली आहे. शार्ल मेरियों याने १८५३मध्ये तिचे अम्लरेखन केले आणि पॅरिसचे एक उदास, गूढ चित्र कायमचे लोकांच्या मनात बसले. येथे एकोणिसाव्या शतकाने आपल्याला हवे तसे मध्ययुग घडवले आणि पुढच्या कलावंतांनी त्यालाच खरे मानून प्रेरणा घेतली.

नोत्र दामहून सीन नदीचा दक्षिण काठ गाठला की लॅटिन क्वार्टरच्या अरुंद गल्ल्यांत सँ सेव्हरँ हे चर्च लागते. त्याच्या वेदीमागच्या प्रदक्षिणामार्गात पंधराव्या शतकाच्या अखेरचा एक खांब आहे. पिळलेल्या दोरासारखा तो वर चढतो आणि माडाच्या झावळ्या फुटाव्यात तशा त्याच्या बरगड्या छतभर पसरतात. रोबेर दलोने हा तरुण चित्रकार १९०९-१० या काळात याच प्रदक्षिणामार्गात वारंवार येत असे. त्याने या जागेची एक चित्रमालिका केली. चित्रांत खांब आतल्या बाजूला झुकले आहेत, कमानी वाकल्या आहेत आणि फरशी पाण्यासारखी वाहते आहे. काचेतून येणारा प्रकाश दगडाची कड विरघळवतो हे त्याला इथे उमगले. पुढे त्याने शुद्ध रंगांच्या वर्तुळांची जवळजवळ अमूर्त चित्रे काढली. त्या वाटेवरचा मोठा टप्पा म्हणजे ही मालिका होय. त्याच खांबामागच्या खिडक्यांत १९७०मध्ये जाँ बाझेन या अमूर्त चित्रकाराच्या काचा बसल्या. ज्या जागेने आधुनिक चित्रकलेला काही दिले, त्याच जागी ती कला परत येऊन स्थिरावली.

सीनमधल्या बेटावरच्या सँत शापेलमध्ये गॉथिक काचकामाची कमाल दिसते. १२४८मध्ये पूर्ण झालेल्या या राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरात १५ उंच खिडक्या आणि १,११३ प्रसंगचित्रे आहेत. वरच्या मजल्यावर भिंत अशी जवळजवळ उरलेलीच नाही. ही काच कशी घडते हे कळले की पुढचा प्रवास अधिक सजगपणे होतो. वितळलेल्या काचेत धातूंची भस्मे मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने लाल. थंड झालेल्या काचेचे तुकडे आराखड्याप्रमाणे कापून त्यांवर चेहऱ्याच्या, बोटांच्या, वस्त्रांच्या चुण्यांच्या रेषा काळपट रंगाने काढतात आणि भट्टीत भाजून पक्क्या करतात. शेवटी सगळे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून डाग देतात. लांबून पाहताना शिशाच्या याच पट्ट्या चित्राची जाड काळी बाह्यरेषा होतात.

ती काळी रेषा आधुनिक चित्रकलेत आणणारा माणूस म्हणजे जॉर्ज रुओ. १८८५मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या एका काचकारागिराकडे उमेदवारीला लागला आणि तिथे मध्ययुगीन खिडक्यांच्या दुरुस्तीवर त्याचा हात बसला. नंतर तो चित्रकार झाला. त्याने विदूषक रंगवले, न्यायाधीश रंगवले, ख्रिस्त रंगवला. प्रत्येक चेहऱ्याभोवती शिशाच्या पट्टीसारखी रुंद काळी रेषा आली आणि तिच्या आत लाल-निळे रंग आतून पेटल्यासारखे दिसू लागले. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातले 'म्हातारा राजा' हे चित्र त्याने १९१६मध्ये सुरू करून १९३६मध्ये संपवले. ते पाहताना भिंतीवरच्या कॅनव्हासामागे सूर्य आहे असा भास होतो.

पॅरिस सोडण्यापूर्वी रोदँ संग्रहालयातले एक शिल्प पाहिले पाहिजे. १९०८च्या या दगडी शिल्पात दोन हात एकमेकांकडे झुकून वर उठले आहेत. नीट निरखले तर दोन्ही हात उजवे आहेत हे ध्यानात येते. म्हणजे ते एका माणसाचे जोडलेले हात नसून दोन माणसांचे आहेत. बोटांच्या मधली पोकळी बरगड्यांच्या छताखालच्या पोकळीसारखी आहे आणि शिल्पाचे नावच 'कॅथीड्रल' असे आहे. ओग्युस्त रोदँ आयुष्यभर फ्रान्सची कॅथीड्रले पाहत हिंडला. त्यांच्यावरचे त्याचे पुस्तक १९१४मध्ये निघाले. त्याच वर्षी रँसच्या कॅथीड्रलवर तोफगोळे पडले.

रुआँ

पॅरिसच्या सँ लाझार स्थानकावरून सुमारे दीड तासात रुआँ येते. येथील कॅथीड्रलच्या दोन बुरुजांपैकी एकाला 'लोण्याचा बुरूज' म्हणतात. उपासाच्या चाळीस दिवसांत लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून भाविकांनी जे शुल्क भरले, त्या पैशातून हा बुरूज उभा राहिला असे सांगतात.

१८९२ आणि १८९३मध्ये क्लोद मोने या कॅथीड्रलसमोरच्या घरांत खोली घेऊन राहिला. खिडकीपाशी त्याने अनेक कॅनव्हास मांडले. ऊन सरकले की तो एक बाजूला ठेवून दुसरा पुढे ओढी. पहाटेचे धुके, दुपारचा रखरखाट, संध्याकाळचा केशरी उजेड अशा प्रत्येक वेळेसाठी वेगळा कॅनव्हास होता. तिसांहून अधिक चित्रांची ही मालिका त्याने पुढे जिव्हेर्नीच्या चित्रशाळेत पूर्ण केली आणि १८९५च्या मे महिन्यात त्यांतली २० चित्रे पॅरिसमध्ये प्रदर्शित झाली. त्यांतल्या पाच चित्रांसमोर पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात उभे राहता येते आणि एक रुआँच्याच कलासंग्रहालयात आहे. मोनेला चर्चच्या धर्माशी कर्तव्य नव्हते. त्याने हा विषय निवडला याचे कारण दगडाच्या जाळीत आहे. गॉथिक दर्शनी भागात सपाट जागा अशी नसतेच. कोनाडे, पुतळे, कमानीवर कमानी यांमुळे प्रकाश हजार ठिकाणी अडतो आणि हजार छटा तयार होतात. साधी भिंत घेऊन ही मालिका झाली नसती. १९६९मध्ये अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन याने मोनेची हीच चित्रे छापखान्यातल्या ठिपक्यांच्या पद्धतीने पुन्हा केली. म्हणजे मध्ययुगाचा दगड, एकोणिसाव्या शतकाचा प्रकाश आणि विसाव्या शतकाचा छापखाना अशी एकाच दर्शनी भागाची तीन रूपे झाली.

रुआँला आणखी एका जोडीचे पाय लागले होते. विल्यम मॉरिस आणि एडवर्ड बर्न-जोन्स हे ऑक्सफर्डचे दोन विद्यार्थी १८५५च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्सची कॅथीड्रले पाहत फिरले. पाद्री व्हायचे म्हणून शिकणाऱ्या या दोघांनी त्या दौऱ्याच्या शेवटी, ल हाव्र बंदराच्या धक्क्यावर, कलावंत होण्याचे ठरवले. त्यांच्या मनावर जॉन रस्किनच्या विचारांचा पगडा होता. गॉथिक चर्चमधल्या वेड्यावाकड्या, असमान कोरीव कामात रस्किनला कामगाराचे स्वातंत्र्य दिसे. यंत्राने घासूनपुसून काढलेल्या वस्तूत त्याला गुलामी दिसे. महात्मा गांधींना ज्याच्या एका पुस्तकातून 'सर्वोदय' हा शब्द सुचला, तो हाच रस्किन. मॉरिसने १८६१मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिथे काचचित्रे, विणकाम, भिंतीवरचे नक्षीदार कागद, फर्निचर यांचे काम एका छपराखाली चाले. हस्तकलेला कलेचा मान मिळवून देणारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची चळवळ या कार्यशाळेतून निघाली.

रँस

पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून जलद गाडीने पाऊण तासात रँस गाठता येते. १२११मध्ये सुरू झालेल्या या कॅथीड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक होत. दर्शनी भागाच्या डावीकडच्या दारापाशी तेराव्या शतकातला तो प्रसिद्ध हसरा देवदूत उभा आहे. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात लाकडी परांचीला आग लागली आणि छपरावरचे शिसे वितळले. ते पन्हाळींच्या दगडी तोंडांतून खाली ओघळले. शेजारच्या 'तो' नावाच्या राजवाड्यातल्या संग्रहालयात अशा काही पन्हाळी जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या जबड्यांतून गोठलेल्या शिशाच्या जिभा अजून बाहेर लोंबतात. युद्धाने कलेचे काय होते हे त्या जिभांइतके स्पष्ट दुसऱ्या कशानेही कळत नाही. त्याच दिवशी देवदूताचे शिर तुटून पडले. त्याचे तुकडे जमवून १९२६मध्ये ते पुन्हा बसवले.

खिडक्या सावरण्याचे काम सिमाँ या काचकारागिरांच्या घराण्याने केले. सतराव्या शतकापासून रँसमध्ये नांदणाऱ्या या घराण्याने खिडक्यांची रेखाटने करून ठेवली होती. त्यांच्या आधाराने घराण्यातल्या झाक सिमाँने जुन्या काचा दुरुस्त केल्या आणि नव्या घडवल्या. त्याची मुलगी ब्रिजीत आणि जावई शार्ल मार्क यांनी पुढे तीच कार्यशाळा आधुनिक चित्रकारांसाठी खुली केली. त्यांतला सर्वांत मोठा चित्रकार म्हणजे मार्क शागाल.

शागालच्या तीन खिडक्या १९७४मध्ये वेदीमागच्या मधल्या कोनाड्यात बसल्या. त्या वेळी त्याने वयाची सत्तर वर्षे केव्हाच मागे टाकली होती. तो ८७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता. कोनाडा पूर्वेकडे असल्याने तो सकाळी पाहावा. मधल्या खिडकीत अब्राहम आणि ख्रिस्त आहेत, उजवीकडे फ्रान्सचे राजे आणि डावीकडे ख्रिस्ताचा वंशवृक्ष. हा वंशवृक्ष महत्त्वाचा. ख्रिस्ताच्या पूर्वजांचे झाड काचेत रंगवण्याची कल्पना स्यूजेच्या सँ दनीतली. सव्वाआठशे वर्षांनंतर रशियन साम्राज्यात जन्मलेल्या एका ज्यू चित्रकाराने तेच झाड निळ्या रंगात पुन्हा लावले. शागालने तेराव्या शतकाचा निळा घेतला, पण मध्ययुगीन खिडकीची काटेकोर चौकट घेतली नाही. त्याच्या आकृती पाण्यात तरंगतात तशा तरंगतात. हे जमले ते मार्कच्या तंत्रामुळे. पातळ रंगीत थर चढवलेली काच आम्लाने कमीजास्त खरवडली की एकाच तुकड्यात गडदापासून फिक्यापर्यंत छटा मिळतात आणि शिशाच्या पट्ट्या कमी लागतात. मग शागाल स्वतः काचेवर काळपट रंगाचा हात फिरवी. कधी कुंचल्याने, कधी बोटाने पुसून.

शागालच्या दोन्ही बाजूंना लाल, निळ्या, पिवळ्या धारदार तुकड्यांच्या सहा खिडक्या आहेत. त्या इमी क्नोबेल या जर्मन चित्रकाराच्या असून कॅथीड्रलच्या ८००व्या वर्षी, २०११मध्ये, बसवल्या. २०१५मध्ये आणखी तीन खिडक्यांची भर पडली. ती जर्मनीची भेट होती. काही लोकांना हे तुकडे फुटलेल्या काचेसारखे वाटतात आणि ते वाटणे अगदी रास्त आहे. ज्या देशाच्या तोफांनी इथल्या काचा फोडल्या, त्याच देशातल्या कलावंताने फुटीचाच आकार घेऊन खिडकी पुन्हा भरली. १९६२मध्ये द गोल आणि आडेनाउअर या फ्रान्स व पश्चिम जर्मनीच्या नेत्यांनी याच छताखाली एकत्र प्रार्थना केली होती. सिमाँ-मार्क कार्यशाळेचे काम अजून थांबलेले नाही. २०१९च्या आगीतून सावरून डिसेंबर २०२४मध्ये उघडलेल्या नोत्र दामच्या सहा उपमंदिरांसाठी क्लेर ताबुरे या चित्रकर्तीबरोबर नव्या काचा घडवण्यास याच कार्यशाळेची निवड झाली. व्हियोले-ल-द्यूकच्या काचा काढाव्या लागणार म्हणून त्या निर्णयाला फ्रान्समध्ये बराच विरोधही झाला. जुन्या वास्तूत नवी कला आणायची तर काय हलवायचे आणि काय हलवायचे नाही, हा प्रश्न तिथे अजून धगधगता आहे.

मेस

मेसचे सँतेत्येन कॅथीड्रल लोकांच्या तोंडी 'देवबाप्पाचा कंदील' आहे. छत ४१ मीटरांहून उंच आणि काचा सुमारे ६,५०० चौरस मीटर. चौदाव्या शतकातल्या हेर्मान फॉन म्युन्स्टरचे पश्चिमेचे चक्राकार गवाक्ष, सोळाव्या शतकातल्या व्हालांतँ बूशच्या खिडक्या आणि विसाव्या शतकातले तीन चित्रकार असा काचेचा इतिहास एका फेरीत पाहून होतो. घनवादी झाक व्हियोंच्या खिडक्या १९५७च्या आणि बिसिएरच्या १९६०च्या आहेत. शागालनेही कॅथीड्रलसाठी पहिल्यांदा काम केले ते इथे. उत्तर बाहूतली त्याची खिडकी पिवळ्या रंगात न्हालेली आहे. तिच्यासमोर उभे राहून वळले की सोळाव्या शतकाची काच दिसते, आणि दोन्ही एकाच घरातल्या वाटतात. चित्रकाराला जुन्या काचेच्या शेजारी आपली काच ठेवायची असली की रंगाची ताकद सांभाळावीच लागते, कारण शेजारी लपवाछपवी चालू देत नाही.

कोलमार

स्ट्रासबुर्गहून अर्ध्या तासावर कोलमार हे अल्सास प्रांतातले लाकडी घरांचे गाव आहे. तेराव्या शतकातल्या एका मठात वसलेल्या उन्टरलिंडन संग्रहालयात इझेनहाइमचे वेदीचित्र आहे. ते गावापासून सुमारे २० किलोमीटरवरच्या इझेनहाइम येथील अंतोनाइट मठासाठी घडले. लाकडी मूर्ती निक्लाउस फॉन हागेनाउच्या, आणि १५१२ ते १५१६ या काळातली चित्रे माथिस ग्रूनेवाल्टची. काळाने ग्रूनेवाल्ट हा ड्यूररचा समकालीन, म्हणजे प्रबोधनकाळातला. वृत्तीने मात्र तो उत्तरेच्या उशिराच्या गॉथिक परंपरेचा.

मठात 'संत अंतोनीच्या आगी'चे रोगी ठेवत. राय धान्यावर वाढणारी बुरशी भाकरीतून पोटात गेली की हातापायांची आग होई, ते काळे पडत आणि गळून पडत. मठवासी रोग्याला चांगली भाकरी, संताच्या अस्थींवरून ओतलेली वाइन आणि वनस्पतींचा मलम देत. त्याआधी त्याला वेदीचित्रासमोर आणत. चित्रातला ख्रिस्त त्याच्याइतकाच रोगी दिसतो. हिरवट पडलेल्या कातडीत सर्वांगभर काट्यांची टोके रुतली आहेत. ओठ निळे आहेत. तळहातात खिळा ठोकल्यावर ताणलेली दहा बोटे आकाशाकडे वाकडी होऊन ओरडत आहेत. उजवीकडे बाप्तिस्मा देणारा योहान उभा आहे आणि त्याची लांबलचक तर्जनी त्या देहाकडे रोखलेली आहे. आत उघडणाऱ्या फळ्यांपैकी एकीत, खालच्या कोपऱ्यात, फोडांनी भरलेला आणि पोट फुगलेला एक माणूस पडला आहे. तो रोग्यांपैकीच एक.

पहिल्या महायुद्धात हे चित्र सुरक्षिततेसाठी म्युनिकला हलवले आणि १९१८-१९मध्ये ते तिथे लोकांसमोर मांडले. युद्ध हरलेल्या जर्मनीत लोक त्याच्यापुढे मूक होऊन उभे राहत. चित्रकारांना त्यात एक परवानगी मिळाली. शरीर सुंदरच असावे ही ग्रीक अट इथे पाळलेली नव्हती. दुःख जितके मोठे, तितका आकार मोडावा, हा न्याय होता. युद्धात रुग्णसेवक राहिलेल्या माक्स बेकमानच्या १९१७च्या 'क्रुसावरून उतरवलेला ख्रिस्त' या चित्रात तसेच ताठ, लांब हात आहेत.

ओटो डिक्स तर थेट ग्रूनेवाल्टच्या वाटेने गेला. तो स्वतः खंदकांत लढला होता. १९२९ ते १९३२ या काळात त्याने 'युद्ध' हे लाकडी फळ्यांवरचे मोठे चित्र रंगवले. डावी, मधली, उजवी आणि खालची आडवी अशी वेदीचित्राचीच त्याची रचना आहे. रंगकामही जुन्या उस्तादांच्या पद्धतीने थरांवर थर देऊन केले. मधल्या फळीत उद्ध्वस्त खंदकावर एक सांगाडा अधांतरी अडकला आहे आणि त्याचे बोट योहानच्या बोटासारखे रोखलेले आहे. खाली उलट्या पडलेल्या सैनिकाच्या पायांवर गोळ्यांची भोके आहेत. ती इझेनहाइमच्या ख्रिस्ताच्या काट्यांची आठवण करून देतात. फरक एकच, पण तो मोठा आहे. ग्रूनेवाल्टच्या आतल्या फळीत पुनरुत्थान आहे. डिक्सच्या चित्रात ते नाही. नाझी सत्तेवर येताच ड्रेस्डेन अकादमीतली डिक्सची नोकरी गेली. आज हे चित्र ड्रेस्डेनमध्येच आहे. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डिक्स फ्रेंचांचा युद्धकैदी झाला आणि त्याची छावणी नेमकी कोलमारला होती. तिथल्या प्रार्थनामंदिरासाठी त्याने काटेरी तारेच्या पार्श्वभूमीवर मेरीचे चित्र काढले.

पाब्लो पिकासोने १९३२मध्ये याच क्रुसावरच्या ख्रिस्तावरून काळ्या शाईची चित्रे केली. त्यांत मांस नाहीसे होऊन हाडांसारखे आकार उरले आहेत. अमेरिकन जास्पर जॉन्सने १९८२च्या 'पेरिलस नाइट'मध्ये पुनरुत्थानाच्या फळीतल्या कोसळलेल्या सैनिकाची बाह्यरेषा उतरवून घेतली, आणि ती अशी बसवली की सांगितल्यावाचून ओळखू येऊ नये. एका वेदीचित्रातून एकाने वेदना घेतली, दुसऱ्याने हाडे, तिसऱ्याने फक्त रेषा.

कोलोन

ऱ्हाइनच्या उतरत्या प्रवाहाबरोबर उत्तरेला गेले की कोलोन. स्थानकातून बाहेर पडताच १५७ मीटर उंचीचे कॅथीड्रल अंगावर येते. १२४८मध्ये सुरू झालेले काम सोळाव्या शतकात थांबले आणि अर्धवट बुरुजावरची लाकडी यारी शेकडो वर्षे तशीच उभी राहिली. दर्शनी भागाचा चर्मपत्रावरचा तेराव्या शतकातला मूळ आराखडा १८१४ आणि १८१६मध्ये दोन तुकड्यांत सापडला. त्याबरहुकूम १८८०मध्ये इमारत पुरी झाली.

दक्षिण बाहूची खिडकी दुसऱ्या महायुद्धात गेली होती. तिथे विसाव्या शतकातल्या हुतात्म्यांची चित्रे असावीत, असे कॅथीड्रलच्या मंडळींच्या मनात होते. चित्रकार गेर्हार्ड रिश्टर याने आकृत्या टाळल्या आणि १९७४च्या आपल्या '४०९६ रंग' या चित्राचे सूत्र पुढे नेले. ११३ चौरस मीटरांच्या या खिडकीत हाताच्या पंजाएवढे सुमारे ११,५०० चौकोन आणि ७२ रंग आहेत. रंग कॅथीड्रलच्या जुन्या खिडक्यांतून निवडले. चौकोनांची जागा संगणकाने यदृच्छेने ठरवली आणि काही पट्टे आरशातल्यासारखे उलटून घेतले. ऑगस्ट २००७मध्ये खिडकी खुली झाली. रिश्टरने मानधन घेतले नाही. तत्कालीन आर्चबिशपना ती रुचली नाही. ती मशिदीत अधिक शोभेल असे त्यांनी म्हटले. दुपारी ऊन दक्षिणेला आले की ते रंग समोरच्या खांबांवर आणि फरशीवर उतरतात आणि कथा नसलेली ही खिडकी प्रकाशाविषयीची स्यूजेची श्रद्धाच पुन्हा सांगते.

कार्यशाळेचा धागा जर्मनीत आणखी पुढे गेला. कॅथीड्रल बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटित कार्यशाळेला जर्मन भाषेत 'बाउह्यूटे' म्हणतात. १९१९मध्ये वाल्टर ग्रोपिउस याने वायमारला काढलेल्या कलाशाळेचे 'बाउहाउस' हे नाव त्याच शब्दावरून बेतले. तिच्या जाहीरनाम्यावर लायोनेल फायनिंगरचे लाकडी ठशाचे चित्र होते, तीन शिखरांचे गॉथिक कॅथीड्रल आणि शिखरांवर तीन तारे. पोलाद-काचेच्या आधुनिक रचनेशी ज्या शाळेचे नाव कायमचे जोडले गेले, तिने आपली पहिली ओळख मध्ययुगीन चर्चच्या चित्राने करून दिली. चित्रकार, शिल्पकार, सुतार, विणकर यांनी पुन्हा एका इमारतीसाठी एकत्र यावे, असा त्याचा अर्थ होता. कॅथीड्रलांच्या या कार्यशाळांची नोंद युनेस्कोने २०२०मध्ये वारसा जपण्याच्या उत्तम पद्धतींत केली.

कोलोनच्या गजबजलेल्या बाजाररस्त्यावर चौदाव्या शतकातले छोटे अंतोनायटर चर्च आहे. इझेनहाइमचा मठ ज्या अंतोनाइट संघाचा, त्याच संघाचे हे. आत छतापासून एक ब्राँझचा देवदूत आडवा तरंगतो. डोळे मिटलेले, हात छातीवर दुमडलेले. हा एर्न्स्ट बारलाखचा. मूळ शिल्प १९२७मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ग्युस्ट्रोच्या कॅथीड्रलमध्ये टांगले होते. त्याची घट्ट, बंद आकृती उशिराच्या गॉथिक लाकडी मूर्तींशी नाते सांगते आणि त्याच्या चेहऱ्यात चित्रकर्ती केटे कोलविट्झची छटा आहे. नाझींनी १९३७मध्ये ते काढून नेले आणि पुढे वितळवून टाकले. बारलाखच्या मित्रांनी साच्यावरून गुपचूप दुसरी प्रत ओतून लपवून ठेवली. तीच १९५२पासून इथे आहे, आणि तिच्यावरून ओतलेली तिसरी प्रत ग्युस्ट्रोला परत गेली.

मुंबई आणि साळगाव

या परंपरेची एक शाखा मुंबईपर्यंत आली. रस्किनच्या काळातले इंग्रज गॉथिक पुनरुज्जीवन समुद्र ओलांडून आले आणि मुंबई विद्यापीठाचा १८७८चा राजाबाई टॉवर उभा राहिला. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने तो मुंबईत पाऊल न ठेवता लंडनहून आखला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे मध्ययुगीन कार्यशाळेची रीत इथल्या मुलांच्या छिन्नीतून उतरली. १९४७च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक संस्थापक फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचा जन्म १९२४मध्ये गोव्यातल्या साळगावचा. त्या गावात एकोणिसाव्या शतकातले गॉथिक घाटाचे माय द देऊस चर्च आहे. सूझांचे १९५९चे 'क्रुसारोहण' लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातल्या काट्यांसारख्या रेषा आणि जाड काळी बाह्यरेषा पाहताना रुओ आणि त्याच्यामागची शिशाच्या पट्ट्यांची काच आठवल्यावाचून राहत नाही.

सँ दनी ते कोलोन हा सारा मार्ग आठ-दहा दिवसांत आगगाडीने होतो. रँसला सकाळ, कोलोनला दुपार आणि रुआँच्या पश्चिमाभिमुख दर्शनी भागासाठी संध्याकाळ राखून ठेवावी. पण मराठी प्रवाशाने विमानात बसण्यापूर्वी एक काम जरूर करावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जुन्या तिकीटघरात जाऊन मान वर करावी आणि खांबांतून फुटून छतभर पसरणाऱ्या दगडी बरगड्या नीट पाहाव्यात. त्यांची घडण एकदा डोळ्यांत बसली की सँ दनीचे छत परके वाटणार नाही.